खाणींवर चालणारं वर्कशॉप क्षेपणास्त्रांच्या कामाकडे वळवावं का?

डिचोलीच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. टिपरच्या बॉड्या, कन्व्हेयरचे सांगाडे, खनिजाच्या चाळण्या, अधूनमधून बार्जची दुरुस्ती, असं सगळं काम खाणींच्या जोरावर चालायचं. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा थोडी हालचाल झाली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर कंबरडंच मोडलं. आता सहा माणसं उरली आहेत. क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या हैदराबादच्या भारत डायनॅमिक्सला हजारो कोटींच्या ऑर्डरी मिळाल्याचं वाचून या तरुणाच्या मनात आलंय की कर्ज काढून फाइव्ह-अ‍ॅक्सिस सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमावर पाच अक्षांत फिरून धातू कापणारं मशीन, घ्यावं आणि क्षेपणास्त्रांचे भाग बनवावेत. गोव्यातल्या लहान वर्कशॉपला हे काम मिळतं का, आणि मशीन घ्यावं का, असे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. मिळतं. बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं मशीनशॉप आहे, बावीस वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची चौदा वर्षं आम्ही या क्षेत्राचं काम करतो आहोत. काही थेट, बरंचसं दुसऱ्या पायरीवरून, म्हणजे मोठ्या पुरवठादाराच्या हाताखाली. नेमके कोणते भाग करतो ते इथे लिहिणार नाही. ड्रॉइंग हातात येतं तेव्हा गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि ती मी मनापासून पाळतो. तुम्ही या कामात आलात तर पहिल्या दिवसापासून तुम्हालाही पाळावी लागेल. शॉपमधला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याची सवय असलेली मुलं असतील तर त्यांना आधी समजावून सांगा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, तुमच्या बाबतीत, आत्ता तरी नको असं आहे. पण ते का, हे समजायला ही कंपनी काय करते आणि तिच्या मालाचा स्वभाव काय आहे ते आधी पाहू.

भारत डायनॅमिक्स ही संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली सरकारी कंपनी, १९७० साली हैदराबादला सुरू झालेली. सुरुवात फ्रेंच एस.एस.-११ या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या परवाना-उत्पादनापासून झाली. मग युरोपातलं मिलान आलं, रशियन कोंकुर्स आलं, टी-९० रणगाड्याच्या तोफेच्या नळीतूनच सुटणारं इन्वार आलं. १९८३ साली डॉ. अब्दुल कलामांच्या नेतृत्वाखाली पृथ्वी, अग्नी, त्रिशूळ, आकाश आणि नाग यांचा एकत्रित कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून देशी क्षेपणास्त्रांचं उत्पादनही इकडे येत गेलं. आज आकाश, हवेतून हवेत मारा करणारं अस्त्र, इस्रायलबरोबर विकसित केलेलं मध्यम पल्ल्याचं विमानविरोधी क्षेपणास्त्र, नौदलाचे टॉर्पेडो, असं बरंच काही तिथे होतं. कांचनबाग आणि भानूर हे तेलंगणातले कारखाने, आणि पाण्याखालच्या शस्त्रांसाठी विशाखापट्टणम. संशोधन आणि आराखडा डीआरडीओ या सरकारी संरक्षण-संशोधन संस्थेचा, उत्पादन या कंपनीचं, अशी ढोबळ वाटणी आहे. बातमीत 'डीआरडीओचं क्षेपणास्त्र' असं वाचून अनेकजण डीआरडीओकडे पुरवठादार म्हणून अर्ज करतात. सतत चालणारं उत्पादनाचं काम हवं असेल तर दार उत्पादकाचं ठोठावायचं.

आता बातमीतल्या आकड्यांविषयी. मार्च २०२१ मध्ये सैन्यासाठी ४,९६० मिलान-२टी क्षेपणास्त्रांचा १,१८८ कोटींचा करार झाला. भागाकार केला तर एका क्षेपणास्त्राला सुमारे २४ लाख रुपये येतात. मे २०२२ मध्ये अस्त्रसाठी २,९७१ कोटींचा करार झाला. हे पैसे कंपनीत येतात, तिथून इलेक्ट्रॉनिक्स, प्रणोदक (क्षेपणास्त्राचं इंधन), स्फोटक, संवेदक (सेन्सर) अशा वाटांनी फुटतात, आणि आपल्यासारख्या शॉपच्या टेबलावर उरतं ते '४० नग, तीन लॉटमध्ये (खेपांत), अमुक तारखेपर्यंत' असा एक कागद. माझी पहिली ऑर्डर खरोखर ४० नगांची होती. गाड्यांच्या कारखान्याला पुरवठा करणारा लाखांत मोजतो, आपण डझनात. म्हणून कोटीच्या वर जाणारं मशीन या एकाच कामाच्या भरवशावर घेतलं तर ते वर्षातले कित्येक महिने उभं राहतं, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला चालूच राहतो. माझ्या ओळखीच्या दोन शॉपचं असंच झालं. दोघेही कसलेले कारागीर होते.

पण मशीन हा खरं तर दुय्यम मुद्दा आहे. या कामात काय विकायचं असतं ते सांगतो.

मिलान घ्या. सैनिक दुर्बिणीतून लक्ष्यावर खूण धरून बसतो, क्षेपणास्त्र सुटतं आणि आपल्यामागे केसासारखी बारीक तार उलगडत जातं. त्या तारेतून त्याला 'डावीकडे, वर, थोडं खाली' असे हुकूम जात राहतात. दोन किलोमीटरचं अंतर ते साधारण बारा सेकंदांत कापतं. म्हणजे ती वस्तू कोठारात वर्षानुवर्षं पडून राहते, उन्हाळे-पावसाळे काढते, ट्रकमधून डोंगरावर चढवली जाते, आणि तिचं सगळं आयुष्य त्या बारा सेकंदांचं. टिपरचा हायड्रॉलिक सिलिंडर गळायला लागला तर दुपारपर्यंत तुमचा माणूस पाना घेऊन पोचतो. इथे तो 'दुपारपर्यंत' नाही. आणि प्रत्येक क्षेपणास्त्र आधी चालवून बघताही येत नाही, कारण चालवलं की संपलं. लॉटमधली काही नमुन्यादाखल डागतात आणि उरलेली त्या नमुन्यांच्या विश्वासावर सैन्याकडे जातात.

हा विश्वास कुठून येतो? लॉटमधला प्रत्येक नग त्याच धातूचा, त्याच पद्धतीने, त्याच हाताने, त्याच तपासणीतून गेलेला आहे, या खात्रीतून. नमुना डागलेला आणि कोठारात गेलेला हे दोन नग खरोखर सारखे आहेत, हे सिद्ध करणारा कागद तुमच्याकडे हवा. आपण भाग विकतो आणि त्याच्याबरोबर हा पुरावाही विकतो. ग्राहकाच्या लेखी दोन्हींची किंमत सारखीच. सरकारची क्षेपणास्त्रांसाठीची गुणवत्ता तपासणारी वेगळी यंत्रणा आहे, एमएसक्यूएए. तिचा माणूस येतो तेव्हा नग हातात घेण्याआधी फाइल मागतो.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सहाव्या-सातव्या वर्षी आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या गोल बारमधून एका हाउसिंगचे, म्हणजे आतले भाग सांभाळणाऱ्या कवचाचे, ४२ नग केले. मापं सगळी बरोबर, फिनिश सुरेख. तपासणीच्या वेळी विचारलं, हे कोणत्या हीटचे? हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूची खेप, आणि तिचा नंबर बारच्या टोकावर ठोकलेला असतो. आमच्या मुलाने करवतीवर तुकडे कापताना नेमकं ते टोक आधी कापून भंगारात टाकलं होतं, आणि रॅकवर दोन वेगवेगळ्या हीटचे बार एकत्र पडले होते. प्रमाणपत्रं दोन्हींची होती, पण कोणता नग कोणत्या प्रमाणपत्राचा, हे सांगता येईना. ४२ नग नाकारले गेले. मला तेव्हा फार राग आला होता. आज विचारलंत तर तपासनिसाचं शंभर टक्के बरोबर होतं असंच मी म्हणेन. उद्या त्यातला एखादा नग तडकला, तर त्या हीटचे बाकीचे कुठे कुठे गेलेत हे शोधायचा मार्गच मी बंद करून टाकला होता. तेव्हापासून आमच्याकडे नंबर असलेलं टोक शेवटी कापतात, प्रत्येक तुकड्यावर कापायच्या आधी नंबर ठोकतात, आणि रॅकला हीटप्रमाणे रंग आहेत. याला पैसे लागले नाहीत. फक्त शिस्त लागली, आणि ती रोज लागते.

आता गोव्याचा एक खास त्रास, जो हैदराबाद किंवा पुण्याच्या माणसाला सांगूनही पटत नाही. आपली हवा. दमट, खारी आणि बदलती. मापं घेण्याचं प्रमाणित तापमान २० अंश सेल्सियस आहे. आपल्या शॉपमध्ये मे महिन्यात दुपारी ३० सहज असतं. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दर मीटरला सुमारे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतं. ४०० मिलिमीटर लांबीचा नग दहा अंशांच्या फरकाने ९२ मायक्रॉन लांब होतो. मोजणारं स्टीलचं उपकरणही फुगतं, पण जवळपास निम्म्यानेच, त्यामुळे त्याच शॉपमध्ये त्याच उपकरणाने मोजलं तरी चाळीस-पन्नास मायक्रॉनची चूक उरते. ड्रॉइंगवर मापात ५० मायक्रॉनच्या फरकाची सूट लिहिली असेल तर तुमची सगळी सूट या चुकीनेच खाल्ली. तुम्ही 'पास' म्हणून पाठवता, तिकडे वातानुकूलित खोलीत ते 'फेल' होतं, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. म्हणून आम्ही मशीनच्या आधी तपासणीची खोली बांधली. जाड भिंती, दुहेरी दार, चोवीस तास एसी, आणि नग आत आणल्यावर रात्रभर तिथेच ठेवून सकाळी मोजायचा नियम. पावसाळ्यात वीज गेली की मापं थांबतात. जनरेटर चालू होऊन तापमान स्थिर होईपर्यंत कोणीही सीएमएमला, म्हणजे मापं घेणाऱ्या मशीनला, हात लावत नाही.

गंजाचंही तसंच. श्रावणात स्टीलच्या नगावर बोटाचा ठसा उमटला तर दुसऱ्या दिवशी तो तांबूस दिसतो. हातमोजे, तेल, बाष्परोधक कागद आणि सीलबंद पिशवी हे आमच्याकडे ऑपरेशन-शीटमध्येच लिहिलेलं आहे, मशीनिंगच्या पायरीइतक्याच गंभीरपणे. वेर्णा किंवा वास्कोकडच्यांना खाऱ्या वाऱ्यामुळे हे आणखी सांभाळावं लागतं. तुम्ही डिचोलीला थोडे आत आहात, तेवढं बरं.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या वडिलांच्या शॉपचं बळ कशात आहे? वेल्डिंगमध्ये, जाड पत्र्याच्या सांगाड्यांमध्ये, वजन पेलणाऱ्या आणि धक्के खाणाऱ्या वस्तूंमध्ये. तीस-चाळीस वर्षांचा तो अनुभव बाजूला ठेवून तुम्ही ज्या कामाचा गंध नाही अशा बारीक मशीनिंगमध्ये उडी घ्यायचं म्हणता आहात, जिथे हैदराबादच्या बालानगर भागात पिढ्यान्पिढ्या हेच करणारी शॉप्स कंपनीच्या दारात बसली आहेत. मला हे पटत नाही.

क्षेपणास्त्र एकटं नसतं. आकाशसारखं क्षेपणास्त्र जवळपास पावणेसहा मीटर लांब आणि सातशे किलोंच्या वर वजनाचं. ते कारखान्यात एका टेबलावरून दुसऱ्यावर न्यायला ट्रॉली लागते, जोडणीच्या वेळी धरायला पाळणे लागतात, उचलायला बीम, वाहतुकीला पेट्या, चाचणीला सांगाडे, आणि प्रत्येक टप्प्यावर भाग नेमक्या जागी पकडून ठेवणारे साचे, म्हणजे जिग-फिक्श्चर. हे सगळं फॅब्रिकेशनचं काम आहे. यात अचूकता लागते, पण मायक्रॉनची नाही. लागतं ते पात्रताप्राप्त वेल्डर, जोडाची क्ष-किरण किंवा अल्ट्रासोनिक तपासणी, भार-चाचणीचं प्रमाणपत्र आणि चांगलं रंगकाम. तुमच्या सहापैकी दोन माणसं जर टिपरच्या चेसीवर अशी वेल्डिंग करत असतील की ती खाणीच्या रस्त्यावर दहा वर्षं टिकली, तर त्यांच्या हातात हे काम आहे. कमी आहे ती नोंद. कोणता इलेक्ट्रोड, कोणत्या बॅचचा, किती अ‍ॅम्पिअर, इलेक्ट्रोड भट्टीत किती वेळ ठेवला, कोणी वेल्ड केलं, कोणी तपासलं. पावसाळ्यात ओला इलेक्ट्रोड वापरायची जी सवय आपल्याकडे सर्रास आहे, ती मात्र पूर्ण सोडावी लागेल, कारण त्यातला ओलावा जोडात हायड्रोजन सोडतो आणि तडा काही तासांनी, कधी काही दिवसांनी, आतल्या आत जातो.

सुरुवात हैदराबादपासून करू नका, असंही मी सुचवीन. आपल्या वास्कोला गोवा शिपयार्ड आहे, तीही संरक्षण मंत्रालयाचीच कंपनी. गस्ती जहाजं बांधते, फ्रिगेटही बांधते आहे. खरेदीचे नियम जवळपास तेच: निविदा, तपासणी, कागद, बँक गॅरंटी. वडिलांनी बार्ज दुरुस्त केल्यात, तेव्हा जहाजाच्या पोलादाची ओळख आहेच. एक-दोन वर्षं तिथे लहान कामं केलीत तर सरकारी कंपनीबरोबर वागायची भाषा येईल, आणि चूक झाली तर तासाभरात समोर जाऊन बोलता येतं. हैदराबादला चूक झाली की अनमोड घाट चढून रात्रभराचा प्रवास, आणि तोवर तुमचा माल 'नाकारलेला' अशा लाल चिठ्ठीखाली पडून असतो.

दरम्यान लघु उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २०१२ पासून लागू असलेल्या सरकारी खरेदी धोरणाचा फायदा खरा आहे. बयाणा रकमेत सूट मिळते, केंद्रीय सरकारी कंपन्यांना वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा अशा उद्योगांकडून घ्यायचा असतो, आणि तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल तर तो खाली आणून तुम्हाला कामाचा हिस्सा घेता येतो. २०२० साली सुरू झालेल्या 'सृजन' पोर्टलवर परदेशातून आणाव्या लागणाऱ्या वस्तूंच्या याद्या आहेत, त्याही निवांत वाचा. तिथल्या कित्येक वस्तू साध्या असतात. कोणी बनवून बघितल्या नाहीत म्हणून बाहेरून येतात.

पैशांचं स्पष्ट बोलतो. पहिल्या चौकशीपासून पहिला पैसा हातात येईपर्यंत मला दीड वर्ष लागलं. नोंदणी, शॉपची पाहणी, नमुना नग, त्याची पूर्ण तपासणी, दुरुस्ती, पुन्हा नमुना, मग ऑर्डर, मग कच्चा माल. मोठ्या कामात कच्चा माल ग्राहकाकडून मिळतो, पण त्याच्या किमतीची बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि गॅरंटीसाठी बँक तुमची ठेव अडकवते. उशीर झाला तर आठवड्याला ठरावीक टक्के दंड. २००६ च्या कायद्याप्रमाणे लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत मिळायला हवेत, नाहीतर व्याज लागतं. सरकारी कंपनीकडून मला ते बहुतेक वेळा मिळालेत. त्रास झाला तो मधल्या पायरीवरच्या खासगी पुरवठादाराकडून. एकाने, नाव लिहीत नाही, माझे पैसे सात महिने धरून ठेवले आणि पुढचं काम बंद होईल या भीतीने मी तक्रारही केली नाही. ती माझी चूक होती. तुम्ही दुसऱ्या पायरीवरून सुरुवात केलीत, आणि बहुधा कराल, तर एकाच माणसावर अर्ध्याहून जास्त धंदा टेकवू नका.

अर्थात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. जागा स्वतःची आहे की औद्योगिक वसाहतीच्या भाडेपट्ट्यावर, वडील अजून शॉपमध्ये उभे राहतात की नाही, डोक्यावर आधीचं कर्ज किती, आणि अठरा महिने घर चालेल असं दुसरं काम हाती आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर आधी ते शोधा. हॉटेलांची, औषध कारखान्यांची स्टेनलेस स्टीलची कामं गोव्यात भरपूर आहेत आणि त्यांचे पैसे लवकर येतात. तुम्ही स्वतः मेकॅनिकल डिप्लोमा केलेला असेल आणि मशीनिंगची खरोखर ओढ असेल तर माझं मत थोडं बदलेल, पण तेव्हाही मी म्हणेन की जुनं तीन-अक्षांचं व्हीएमसी (साधं सीएनसी मिलिंग मशीन) घ्या, एखाद्या चांगल्या शॉपमध्ये वर्षभर काम करा, आणि फाइव्ह-अ‍ॅक्सिसचा विचार हातात दोन ग्राहकांच्या सलग ऑर्डरी असतील तेव्हा करा.

या महिन्यात एवढंच करा. शॉपमधले सगळ्यांत चांगले दोन वेल्डर निवडा, त्यांचे चाचणी-तुकडे बनवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वाकवण्याच्या आणि क्ष-किरण चाचणीला द्या. तुकडा कापल्यापासून निकाल येईपर्यंत प्रत्येक पायरीची नोंद एका वहीत वडिलांच्या नाही, तुमच्या हाताने ठेवा. एखादा तुकडा नापास झाला तर त्या वहीवरून कारण सापडतं का ते बघा. निकाल आणि वहीचं पहिलं पान इथे टाका, ग्राहकाचं नाव झाकून. मग शिपयार्डच्या नोंदणीचा फॉर्म आपण ओळीओळीने भरू.